डाव्या चाकाची ठकठक

ज्या आवाजानं ते प्रकरण फिरलं, तो मी कानानं कधी ऐकलाच नाही, हातानं ऐकला. म्हणूनच की काय, नोकरीतले कितीतरी दरोडे आणि मारामाऱ्या विसरलो, पण त्या गाडीचं पुढचं डावं चाक अजून डोक्यातून जात नाही.

आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं. भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. अंगात रग, जिभेवर शिवी आणि गुन्हा झटपट निकाली काढायची हौस. कारखाने वाढत होते, रस्ते मात्र होते तेवढेच, त्यामुळे अपघाताची नोंद म्हणजे आमचं रोजचं काम. दसऱ्याच्या सकाळी वर्दी आली, की नाशिक रस्त्यावर मोशीच्या अलीकडे एका कंपनीच्या साहेबांच्या गाडीनं सायकलवाल्याला उडवलं आहे.

पोचलो तेव्हा गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला चरात तोंड घालून उभी. बॉनेटवर पूजेची माळ तशीच. सायकलचा चिमटा वाकलेला आणि पिशवीतली झेंडूची फुलं रस्ताभर. साहेब मिळेल त्या गाडीनं पुढे निघून गेले होते, आणि ड्रायव्हर जागेवर नव्हता. पळाला असणार, असं मी धरून चाललो आणि हवालदारांसमोर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धारही केला. प्रत्यक्षात त्या गड्यानं जखमीला एका टेंपोत घालून सरकारी दवाखान्यात पोचवलं होतं आणि तिथून चालत येऊन आमच्या ठाण्यातल्या बाकावर बसला होता.

तिशीच्या आतला, निघोज्याचा माणूस. शर्टाला दुसऱ्याचं रक्त लागलेलं. मला बघून उभा राहिला.

"चूक माझी हाय, साहेब. गाडी जोरात हुती. लिवून घ्या."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तशी माझी गत झाली. विचारायच्या आत कबुली! भरधाव वाहन चालवून गंभीर दुखापत केल्याची कलमं लावली, लायसन जप्त केलं, गाडी ओढून ठाण्याच्या आवारात आणली. मोटार वाहन निरीक्षक आले. त्यांनी ब्रेक दाबून बघितले, स्टिअरिंग फिरवून बघितलं, आणि 'यांत्रिक दोष आढळला नाही' असं लिहून दिलं. माझ्या लेखी प्रकरण संपलं. ड्रायव्हर जामिनावर सुटला तेव्हा त्याची बायको फाटकाशी उभी होती, दिवस भरत आलेले. शिक्षा झाली तर लायसन जाणार, आणि लायसन गेलं की या माणसाच्या हातात दुसरं काही नाही, हे मला दिसत होतं. पण कायदा म्हणजे कायदा, असं मनाशी म्हणून मी फाइल बांधली.

जखमीचा जबाब तेवढा राहिला होता. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. मूळचा बीडकडचा, इथं एका मोटार कारखान्यात पुढच्या अ‍ॅक्सलच्या जुळणीवर फिटर. मांडीचं हाड मोडलेलं, पाय प्लॅस्टरमध्ये टांगलेला. शिव्याशाप ऐकायची तयारी ठेवून मी वही उघडली.

"साहेब, त्या ड्रायव्हरला तुमी आत टाकलं का?" त्यानं उलट मलाच विचारलं.

"जामिनावर आहे. का?"

"लोक म्हणायलेत, पेलेला होता. तसं नाही बगा. गाडी मागून आली तवा ठक-ठक, ठक-ठक वाजत होती. मी वळून बघितलं. खड्ड्यात चाक गेलं आन् गाडी माझ्याकडं आली. त्यानं स्टिअरिंग पलीकडं ओढलेलं मी या डोळ्यांनी बघितलं. त्यानं वळवली नाही, साहेब. गाडीच वळली."

मी म्हटलं, निरीक्षकांनी तपासली आहे. तो हसला. पाय टांगलेला माणूस, आणि मला शिकवायला लागला.

"उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवून काय कळतंय? पुढचं चाक जॅकवर घ्या. वर-खाली धरून हलवा. तिथं ढिलं लागलं तर बेअरिंग नाहीतर किंगपिन, म्हंजे चाक जिच्यावर वळतं ती खुंटी. मग आडवं, दोन बाजूंनी धरून हलवा. तिथं ढिलं लागलं तर दोष स्टिअरिंगच्या दांड्यात. मग गाडी खाली सोडा, एक माणूस स्टिअरिंगवर बसवा, थोडं इकडं, थोडं तिकडं करायला सांगा. तुमी खाली निजा आन् एकेका जोडावर हात ठिवा. कान फसतो, साहेब. आवाज एकीकडं आसतो आन् ऐकू दुसरीकडनं येतो. हात फसत नाही."

ठाण्यात आलो. आमचे हवालदार साताऱ्याकडचे, निवृत्तीला टेकलेले. त्यांना स्टिअरिंगवर बसवलं. "साहेब, गणवेशात गाडीखाली?" म्हणून त्यांनी तोंडाला रुमाल लावला, हसत होते, दुसरं काय. चाक वर-खाली हलवलं, घट्ट. आडवं हलवलं आणि हाताला खाट् असा झटका बसला. मग खाली निजलो. उजव्या बाजूचे जोड शांत. डाव्या चाकाला स्टिअरिंगशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकावर हात ठेवला, हवालदारांनी स्टिअरिंग हलवलं, आणि तळव्यात ठक! नट अर्धाअधिक मागे आला होता. नट फिरू नये म्हणून त्यातून आरपार एक पिन घालतात. त्या पिनेचं भोक रिकामं होतं. दांड्याचं टोक मात्र कोरं करकरीत, नुकतंच बदललेलं.

गाडी पहिल्या दिवसापासून आमच्याच पहाऱ्यात, तेव्हा मागाहून कुणी नट ढिला केला म्हणायला जागा नव्हती. निरीक्षकांना परत बोलावलं, पंचांसमोर दुसरा पंचनामा केला. मग ड्रायव्हरला आणवलं.

"हे काम कुणी केलं?"

"ठावं न्हाई."

"गाडी ठकठक वाजत होती. ऐकलं नाहीस?"

"ऐकलं."

"मग थांबला का नाहीस? नट आवळायला किती वेळ लागतो?"

मी आवाज चढवला, टेबलावर काठी आपटली, आत टाकायची भीती घातली. पाऊण तास झाला. शेवटी म्हणाला, "नट मीच ढिला ठिवला आसंल. मलाच काय ती शिक्षा करा, साहेब." मला तर डोकं फोडून घ्यावंसं वाटलं. हवालदार मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, चोर स्वतःला वाचवायला खोटं बोलतो. हा स्वतःला बुडवायला बोलतोय. याला मारून काय मिळणार?"

मग कंपनीच्या गाड्या दुरुस्त होत त्या शेडमध्ये मी एकटाच गेलो. तिथं एकच मिस्त्री. साठीला आलेला, जाड भिंगाचा चष्मा. मला बघितलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. मी काही विचारलंच नाही. त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्यासमोर सोडली. आत एक नवी पिन होती, हळदी-कुंकवानं माखलेली.

"तुमचीच वाट बघत होतो, साहेब," तो म्हणाला. "तीन दिवस झाले, जेवण जात नाही."

खंडेनवमीच्या संध्याकाळी तो त्या गाडीखाली होता. दांड्याचं टोक नवं बसवलं, नट हातानं लावला, आता पान्यानं आवळून पिन घालायची एवढंच उरलं होतं. तेवढ्यात कंपनीचे साहेब आले. मुहूर्त टळतोय, हत्यारं मांडा, आरतीला चला. मिस्त्रीनं पाने, पक्कड, हातोडा सगळं पाटावर मांडलं. मुठीतली पिनही त्याच ढिगात गेली आणि तिच्यावरही कुंकू पडलं. एकदा पूजेला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईतो उचलायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. सकाळी आधी येऊन काम पुरं करीन, असं त्यानं ठरवलं. तो आला तेव्हा गाडी गेली होती. साहेबांना चाकणला पाहुण्यांकडे जायचं म्हणून ड्रायव्हरला सहालाच बोलावणं आलं होतं.

"त्याला सांगून ठेवायला पाहिजे होतं. विसरलो," मिस्त्री म्हणाला आणि म्हातारा माणूस माझ्यासमोर ढसढसा रडला. मी त्याच्याच माठातलं पाणी त्याला दिलं.

त्याला घेऊन ठाण्यात आलो. ड्रायव्हर बाकावरून ताडकन उठला.

"दादा, तुमी कशाला आलासा?"

"गप बस! माझ्यापायी तुरुंगात जातोस? तुझ्या बाईला काय सांगू मी?"

"न्हाई साहेब, आवाज मला आला हुता," ड्रायव्हर माझ्याकडे वळून म्हणाला. "शेडमदनं निघतानाच आला. पाना समोर हुता. पर दादांनी पूजेला लावलेला, त्येला मी कसा हात लावू? म्हटलं, हळू जातू. मग साहेबांनी घाई केली. दादांनी मला गाडी शिकवली, पोरावानी घरात ठिवलं. त्यांची नोकरी चार म्हैन्यांची ऱ्हायली. मी तरणा हाय, कुटंबी हमाली करीन."

दोन माणसं माझ्यासमोर एकाच चुकीवर हक्क सांगत भांडत होती, आणि त्यातल्या ड्रायव्हरला मी पळपुटा म्हटलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. हवालदारांनी न सांगता चहा मागवला. दोघांचे जबाब बोलतील तसे, एक शब्द न बदलता लिहून घेतले.

कोर्टात फिटर कुबड्यांवर आला. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? तो म्हणाला, "माझा पाय जुळंल, साहेब. यांचं काही मोडू नका." कोर्टानं सगळे कागद बघितले आणि दोघांना किरकोळ दंड आणि कडक ताकीद देऊन सोडलं. लायसन शाबूत राहिलं. बाहेर व्हरांड्यात मिस्त्री फिटरच्या पाया पडायला वाकला, तर फिटरनं कुबडी टाकून त्याला वरच्यावर धरलं. त्याचा तोल जायला लागला तेव्हा मागून ड्रायव्हरनं त्याला सावरलं. तिघं मग भिंतीला टेकून बराच वेळ तसेच उभे होते.

पुढे सबंध नोकरीत नाकबूल करणाऱ्यांची मला कधी धास्ती वाटली नाही. त्यांचा धंदा मला कळतो. पण एखादा माणूस आत येऊन पहिल्या वाक्यात गुन्हा कबूल करायला लागला, की मी लेखणी खाली ठेवत असे, त्याला बसायला सांगत असे आणि विचारत असे, "बाबा रे, कुणासाठी?"