अण्णांच्या कानावरची पेन्सिल

यंदाच्या गणपतीपर्यंत माझ्या धाकट्या जावेच्या कानावर तीन वेळा पेन्सिल बसली होती. माझ्या कानावर एकदाही नाही.

हे दुःख मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कुणाला सांगण्याची सोय नव्हती, कारण ऐकणारा आधी पेन्सिलीबद्दलच विचारी. तर, आमचे सासरे अण्णा गिरणीच्या सुतारखात्यात होते. तिथली रीत अशी, की कुणाचं काम निर्दोष उतरलं की उस्ताद एकही शब्द न खर्चता स्वतःच्या कानावरची पेन्सिल काढून त्याच्या कानावर खोचायचा. मग ती दिवसभर मिरवायची. गिरणी गेली, अण्णांनी रीत तेवढी घरी आणली. शिल्पाला, म्हणजे माझ्या जावेला, पहिली पेन्सिल मिक्सरसाठी मिळाली, दुसरी गिझरसाठी आणि तिसरी देव्हाऱ्याच्या कुरकुरणाऱ्या दारासाठी. (त्या दारावर मी आधी चार कडव्यांची कविता केली होती. दार तरीही कुरकुरतच राहिलं!)

एवढं कमी होतं म्हणून की काय, हॉलमध्ये शिल्पाच्या माहेरचं चावीचं घड्याळ टांगलेलं. स्वर मधासारखा, दाट, पितळी. येणारा-जाणारा थबकून म्हणे, "वा, काय गोड वाजतं!" मला मात्र प्रत्येक ठोक्यात 'शिल्पा' एवढंच ऐकू येई. दुपारी बारा वाजता तर बारा वेळा!

गणपती दहा दिवसांवर आले होते. मागच्या गॅलरीत, सागाच्या भुशाच्या उबदार वासात, अण्णा मखराची जाळी कोरत होते. जाळीला भोकं हवीत, आणि भोकं पाडायला अण्णांचं लाडकं ड्रिल मशीन. उभ्या खांबावरचं, बाजूचा दांडा खाली ओढला की ड्रिल लाकडात उतरतं आणि सोडला की आतल्या गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या जोरावर आपसूक वर येतं. यायला हवं. पण स्प्रिंग झिजली होती. ड्रिल खाली जाई आणि तिथेच मान टाकून बसे. प्रत्येक भोकानंतर अण्णांना ते हातानं वर ढकलावं लागे.

"माजो खांदो गेलो गो," अण्णा कण्हले. "ह्या वर्षी जाळी नाय होवची."

माझे दीर "कुर्ल्याहून नवी स्प्रिंग आणतो" असं रोज सकाळी वचन देऊन जात आणि संध्याकाळी ते वचन जसंच्या तसं परत आणत.

"अण्णा, शनिवारी माझी मीटिंग संपली ना, की मीच उघडून बघते," शिल्पा म्हणाली.

चौथी पेन्सिल! माझ्या पोटात एक हिरवी ज्योत भप्पकन पेटली.

शनिवारी दुपारी अण्णा मंडळात गेले. शिल्पा आतल्या खोलीत कानांवर हेडफोन चढवून मीटिंगला बसली. मी गॅलरीचं दार लोटलं आणि मोबाइलवर दुरुस्तीचा व्हिडिओ लावला. आवाज अर्थातच बंद! शिल्पाला सुगावा लागला असता तर? त्यातला गृहस्थ स्प्रिंगच्या झाकणाकडे बोट दाखवून डोळे विस्फारत होता, दोन्ही हात हलवत होता, शेवटी त्यानं ते तोंडासमोर धरले. कामावरची ही भक्ती पाहून मला भरून आलं. मीही हात जोडले आणि नट सैल केला.

सर्रर्र!

एक पोलादी नागीण कडाडत बाहेर झेपावली, कढीपत्त्याचा शेंडा तिनं छाटला, माझ्या अंबाड्यातला मोगरा उधळला आणि भिंतीवर आपटून तिचे दोन तुकडे झाले. पाठोपाठ आधार सुटलेलं ड्रिल धाडकन खाली आलं. (तो गृहस्थ काय सांगत होता, ते मी नंतर आवाज लावून ऐकलं. 'तोंड सांभाळा' एवढंच सांगत होता.)

आता माझ्याकडे झिजलेली स्प्रिंगही उरली नव्हती. गॅलरीत ओला कढीपत्ता, चुरगळलेला मोगरा आणि माझी भीती यांचा संमिश्र दरवळ सुटला होता. तेवढ्यात हॉलमधून तीनचे ठोके पडले. शिल्पा, शिल्पा, शिल्पा.

आणि मला सुचलं. घड्याळाच्या पोटातही अशीच गुंडाळलेली पोलादी पट्टी असते! चावी दर रविवारी भरतात. म्हणजे शनिवारी ती पट्टी अगदी निवलेली. मशीन वाचवायचं हे तर खरंच. पण घड्याळ गप्प होईल, या विचारानं हात जरा जास्तच चपळाईनं चालले, हेही खरं. या खेपेला मी गॉगल लावला, डोक्याला टॉवेल गुंडाळला. दीड तासाच्या झटापटीनंतर घड्याळाची स्प्रिंग मशीनमध्ये जाऊन बसली. व्हिडिओतल्या माणसानं झाकणाला तीन वेढे दिले होते. मी सात दिले. ईर्ष्येला मोजमाप कुठून असणार?

पाच वाजायच्या बेताला अण्णा आले. त्यांनी दांडा ओढला, सोडला. दांडा खाडकन असा उसळला, की अण्णांची टोपी उडून कढीपत्त्यावर जाऊन बसली.

"आयशपत!" अण्णा हरखले. "ह्यां कोणी केल्यान?"

"मी!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश, एकही शब्द न खर्चता, पेन्सिल माझ्या कानावर खोचली. लाकडाचा, शिशाचा, मायेचा वास आला. मी डोळे मिटले.

"अय्या वहिनी, झकास!" शिल्पा चहा घेऊन आली. "पण पाच वाजून गेले ना? घड्याळ कसं वाजलं नाही?"

"चावी संपली आसतली," अण्णा म्हणाले.

शिल्पानं चावी लावली. चावी गरगर फिरली. जणू हवेतच फिरत होती. तिनं घड्याळाचं मागचं दार उघडलं, आत पाहिलं, मग माझ्याकडे.

"काळाचं हृदय कधीकधी..." मी सुरुवात केली.

"वहिनी, कविता नंतर. स्प्रिंग कुठंय?"

अण्णांनी घड्याळ पाहिलं, मशीन पाहिलं, माझ्या डोक्यावरचा टॉवेल पाहिला. त्यांना सगळं कळलं. शिल्पा चिडली असती तर मला तेवढंच समाधान मिळालं असतं. पण ती खो-खो हसत सुटली. मोठ्या मनातही तीच पुढे!

पेन्सिल काढून द्यायला मी कानाकडे हात नेला.

"ऱ्हवांदे," अण्णा म्हणाले. "काम बरा झाला हा. जाळी होयसर स्प्रिंग हयच ऱ्हवतली. तवसर तास तू वाजय. वाजवलस की त्या पेन्सिलीन भिंतीर खूण कर."

आणि जाळी होईपर्यंत घड्याळाऐवजी ठोके द्यायला त्यांनी माझ्या हाती पितळी ताट आणि पळी दिली.

तेव्हापासून दर तासाला हॉलमध्ये उभी राहून मी ताट वाजवते. कानावर पेन्सिल आहे. येणारा-जाणारा थबकतो, "गोड वाजतं" असं मात्र अजून कुणी म्हणालेलं नाही. आणि ताटाचा नाद विरतो न विरतो तोच स्वयंपाकघरातून रोज न चुकता आवाज येतो,

"वहिनी, दोन मिनिटं मागे आहात!"