मला तुरुंगाने बरे केले नाही

"गुरुजींना तुरुंगात फटके बसले, तेव्हा कुठे डोके ठिकाणावर आले." सात रस्त्यावरच्या पानाच्या दुकानात हे वाक्य माझ्यादेखत चघळले जाते. आजवर मी थुंकून पुढे जात असे. आता गप्प बसणार नाही. शेजारच्या मल्लय्या विणकराचा मुलगा वेडाच्या भरात मालकाचे सूत पेटवून कोठडीत पडला आहे, आणि माझाच दाखला देऊन लोक बापाला सांगत आहेत, "राहू द्या आत, सरळ होईल."

मला काय झाले होते, ते सिव्हिल सर्जनांनी तुरुंगातच सांगितले : 'अक्यूट मेनिया', म्हणजे उन्मादाचा तीव्र झटका. कित्येक रात्री मी झोपलो नव्हतो. विहिरीतून मला आज्ञा ऐकू येत. तशाच एका आज्ञेवरून मी कचेरीच्या काचा फोडल्या.

तुरुंगात औषध नव्हते. करमणूक होती, आणि ती मीच होतो. पहारेकरी भाकरी दाखवून मला पाढे म्हणावयास लावीत. चुकलो की दांडका. अंगाखालचे घोंगडे माझ्याच लघवीने कुजले होते. त्या घाणीचे गुण गाणाऱ्यांची मला आजही शिसारी येते.

डॉक्टरांनी मॅजिस्ट्रेटना स्पष्ट सांगितले, "याला शिक्षा नको, झोप हवी. जामिनावर नातलगांकडे सोपवा; उपचार मी करीन." मोडनिंबहून माझी धाकटी बहीण आली. कोर्टातला पुढचा संवाद डॉक्टरांनीच मला मागाहून ऐकवला.

"बाई, याने तुम्हाला मारले तर?"

"मारंल की, सायेब. ल्हानपनीबी दादा लई मारायचा. तवा आईनं त्याला कुटं तुरुंगात घातलं?"

मॅजिस्ट्रेट हसले आणि जामीन मंजूर झाला.

बहिणीकडे 'पॅराल्डिहाइड', म्हणजे उग्र वासाचे झोपेचे औषध, वेळेवर मिळे. वेळेवर जेवण, आणि दिवसभर तिच्या शेरडांमागे चालणे. अधूनमधून ती मला सोलापुरास आणून डॉक्टरांना दाखवी. झोप परतली, विहीर हळूहळू गप्प झाली. पुढचे आयुष्य मी या दोघांच्या उपकारावर जगलो आहे.

मल्लय्या, डॉक्टरांना गाठा आणि मुलाला मागून घ्या. आणि पानाच्या दुकानातल्या त्या पंडितांना एवढेच ऐकवा : सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या दारात बहीण माझ्या पाया पडावयास वाकली, तेव्हा मी मागे सरून तिला विचारले, "बाई, आपण कोण?"