चाळीस रुबिओल आणि एक मोदक

शशी बापट लेस्टर सोडून इंग्लंडमधल्याच या जुन्या बाजारगावात राहायला आली, तेव्हा तिला वाटलं होतं, इथे परके काय ते आपणच. चौथ्याच दिवशी शेजारच्या कातालिनाबाईंनी कुंपणावरून सांगितलं, "मी मिनोर्कन. स्पॅनिश नाही. लोक विसरतात, तू विसरू नकोस."

मिनोर्का हे स्पेनजवळचं चिमुकलं बेट, हे शशीने लायब्ररीत जाऊन शोधलं. ती मूळची सांगलीची. "आम्ही गुजराती नाही, मराठी" हे लेस्टरच्या गुजराती वस्तीत, बेलग्रेव्ह रोडवर, वीस वर्षं सांगून तिची जीभ झिजली होती. त्यामुळे दोघींचं जमलं.

दर सप्टेंबरात गावाचा हेरिटेज डे असे. चर्च हॉलमध्ये सगळं फुकट. "फुकट म्हटल्यावर आपली माणसं पार लंडनच्या हॅरोहूनसुद्धा येतील," असं श्रीकांतराव, म्हणजे शशीचे यजमान, दरवर्षी म्हणत आणि स्वतःच सगळ्यांत आधी पोचत. कोपऱ्यातलं टेबल कातालिनाबाईंचं. त्यावर आईचे फोटो, चामड्याच्या चपला आणि रुबिओल: चीज भरून ओव्हनमध्ये भाजलेल्या थेट करंज्याच.

दोन हजार सहा साली बाईंची बोटं थरथरायला लागली. पारी लाटता येईना. रुबिओलना बाहेरच्या माणसाचा हात त्यांनी आजवर लागू दिला नव्हता. त्या वर्षी त्यांनी शशीला बोलावलं. "माझ्या आईसारखं. तुझं काही घालायचं नाही. वेलची तर नाहीच."

"नाही घालत हो," शशी म्हणाली. शाळेच्या किचनमध्ये अठरा वर्षं काढलेली बाई, पण त्या सकाळी परीक्षेला बसल्यासारखी उभी होती.

चाळीस रुबिओल झाले. मुरड अशी सुबक, की बाई बघत राहिल्या आणि निर्धास्तपणे कपडे बदलायला गेल्या. गोळा एक उरला होता. करंज्या केल्या की सोबत एक मोदक करायचा, बहिणींना भाऊ हवा, हे शशीच्या सासरी-माहेरी कधी चुकलं नव्हतं. ओव्हन उघडला तेव्हा तिच्या लक्षात आलं, हाताने आपलं काम परस्पर उरकलं होतं. काढून टाकायला मन होईना. तिने मोदक ताटात मागच्या बाजूला, दोन रुबिओलांच्या आड सरकवला.

हॉलमध्ये तिसऱ्याच पाहुण्याने विचारलं, "हा लसूण का?"

कातालिनाबाईंनी वाकून पाहिलं. मग शशीकडे पाहिलं. "हे काय आहे?"

विश्वासाने दिलेलं एकच काम, आणि तेच नासवलं. तिने भाऊ-बहिणींचं सगळं सांगून टाकलं, अगदी मोडक्या इंग्रजीत, जे एरवी तिचं मुळीच मोडकं नव्हतं.

बाईंनी मोदक उचलला. वेगळी बशी मागवली. कार्डावर थरथरत्या अक्षरांत लिहिलं: "हे मिनोर्कन नाही. हे शशीचं." आणि बशी टेबलाच्या मधोमध ठेवली.

झालं. लोक रुबिओल खात आणि बशीबद्दल विचारत. उत्तर शशीने द्यायच्या आधी बाईच देत. दुपारपर्यंत तो भाऊ बहिणींना राखायला आलेला झाला. तीनपर्यंत त्याला मिशाही फुटल्या.

"अहो, तसं काही नसतं," शशी कुजबुजली.

"तू गप्प बस. लोक ऐकतायत."

श्रीकांतरावांनी मोदकाकडे हात नेला, तर बाईंनी मनगटावर चापट मारली. "तुम्ही सहा रुबिओल खाल्लेत, मी बघत होते."

संध्याकाळी टेबल आवरताना शशीने विचारलंच, "पुढच्या वर्षी मदतीला दुसरं कोणी बघायचंय का तुम्हाला?"

कातालिनाबाई आईचे फोटो कागदात गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आठला ये. आज नऊला आलीस, उशीर झाला. आणि भाऊ एकच. दोन केलेस तर घरी पाठवेन."