कंडक्टरची सोयरीक

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. म्हणून त्या अभ्यासाच्या कामाला मला घेतलं तेव्हा नवरा पोट धरून हसला होता. म्हणाला, ऐकून घ्यायची नोकरी आणि तू? जमलं म्हणायचं मग.

काम असं होतं. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेला माणूस दवाखान्यातून घरी आला, की वर्षभर दर पंधरवड्याला त्याच्या घरी जायचं. बसायचं, बोलायचं, टॅबवरचा फॉर्म भरायचा. अशा नुसत्या जाण्यायेण्यानं तो माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही का, हे शहरातल्या डॉक्टर मॅडमना बघायचं होतं. माजलगावातून मी एकटीच होते.

प्रशिक्षणात मॅडम एक गोष्ट चारचारदा सांगायच्या. प्रश्न सरळ विचारायचा, जीव द्यावासा वाटतो का म्हणून. विचारल्यानं डोक्यात तसलं काही शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. माझ्या काही हे गळी उतरत नव्हतं. आमचं घर बौद्ध, वास्तुशांत आमच्या सात पिढ्यांत कुणी घातली असेल तर शपथ, पण ‘अभद्र बोलू नगं, वास्तू तथास्तु म्हणती’ हे आमच्या आईच्याही तोंडात बसलेलं. हवाच तशी, काय करता.

माझ्या वाट्याला आले एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर. गाव सिरसाळ्याकडचं, त्याहून जास्त सांगत नाही. (त्यांनी ‘लिहा की’ म्हणलंय, तरी.) बायको वारलेली, एकुलती लेक लांब नांदायला गेलेली. गावाला बीपी वाढला म्हणून सांगितलं होतं, पण गाव काय दूधखुळं असतं?

पहिल्या दिवशी मी ओसरीवर बसले आणि पाच मिनिटांत सगळी आळी गोळा झाली. पाव्हणं कोण, कुठलं, कशापायी आलंय. समोरच्या घरातली सत्तरीची मावशी तर तूर निवडायचं सूप घेऊनच येऊन बसली. मी फॉर्म उघडला. झोप लागते का? मावशी म्हणाली, लागती की. जेवण? दोन भाकरी खातेत. मन लागतं का? लई मजेत हाय आमचा कंडक्टर. कंडक्टर आपले पायाच्या अंगठ्याकडं बघत बसलेले. आणि मी येडी, मावशी सांगेल ते भरत गेले. शेवटचा तो प्रश्न आला तेव्हा जीभच वळेना. विचारलाच नाही, ‘नाही’वर बोट दाबलं आणि चहा पिऊन निघाले.

मॅडमनी फॉर्म वाचला आणि फोन केला. इतकंच विचारलं, की हा फॉर्म त्यांचा आहे का शेजारणीचा? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग मात्र निघाला मावशीवर. नाक खुपसायला दुसरं घर नव्हतं का हिला!

पुढच्या खेपेला मी घरात गेले आणि दार लोटून घेतलं. मावशी सूप घेऊन निम्म्या अंगणात आली होती, ती तशीच राहिली. मी कंडक्टरसमोर बसले.

“भाऊ, जीव द्यावा असं अजून मनात येतं का?”

झालं, बोलून गेले. वास्तू काही बोलली नाही. कंडक्टरनी अंगठ्यावरची नजर उचलली. मग म्हणाले, “येतं. जेवला का म्हणून समदे विचारतेत ताई. हे कुणी विचारलं न्हाई.”

आणि मग माणूस बोलायला लागला ते तास दीड तास. तीस वर्षं गाडीत ओरडून बोलण्यात गेली, आता दिवसभरात तोंडातून शब्द निघत नाही, सकाळी उठून कुठं जायचं ते कळत नाही, असं सगळं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण शिकवलं होतं तसं केलं. त्यांना एकटं सोडलं नाही, तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. घरात धोक्याचं जे काही होतं ते त्यांच्या भावाच्या घरी कुलपात ठेवायला लावलं. आणि एका कागदावर दोघांनी मिळून लिहिलं, की मन बिघडलं तर आधी काय करायचं, कुणाला हाक मारायची. हाक मारायला त्यांना माणूसच आठवेना. शेवटी पहिला नंबर माझा लिहिला. तो कागद त्यांनी एसटीच्या पासाच्या पाकिटात घडी करून ठेवला.

पण दार लोटल्याचा बोभाटा झालाच. अनोळखी बाई, खांद्याला बॅग, दर पंधरवड्याला येती, दार लावून बोलती. आमच्याकडं याचा एकच अर्थ होतो. कंडक्टरची दुसरी सोयरीक चाललीय आणि मी मध्यस्थ!

चौथ्या खेपेला स्टँडवर एका म्हाताऱ्यानं मला अडवलं. नवरी कुठली, लेकराबाळाची हाय का? मी तापले. पुढच्या खेपेला नवऱ्यालाच गाडीवर घेऊन गेले, म्हणलं सोयरीक नाही एवढं तरी हा लोकांना सांगेल. तो पारावर बसला. मी परत येते तर त्याच्या हातात चहा, पुढ्यात भजी, भोवती दहा माणसं. त्याला नवरीचा भाऊ ठरवून टाकलं होतं. आणि हा बाबा भजी खात बसला होता, नाही म्हणून सांगायचं सोडून!

मला काही ते बरं वाटेना. कंडक्टरना म्हणलं, भाऊ, तुमची फुकट चेष्टा होतीय, मी आरोग्याच्या कामाला येते एवढं तरी सांगू का लोकांना? ते थोडं हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

“सोयरीक म्हणतेत तर म्हणू द्या. आधी जे म्हणत व्हते, त्यापरीस बरं हाय.”

खरंच होतं ते. दवाखान्यातून आल्यावर लोक त्यांच्या दारावरून खाली मान घालून जायचे. आता थांबायला लागले. कुणी कलप आणून दिला, कुणी शिंप्याचं नाव सुचवलं, जुने ड्रायव्हर चेष्टा करायला म्हणून येऊन जेवून जायला लागले. चेष्टेला उत्तर द्यायचं म्हणजे बोलावं लागतं, आणि हा माणूस बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हता. मध्ये एकदोन महिने वाईट गेले. गोळ्या बदलाव्या लागल्या, एकदा मी सलग तीन दिवस गेले. पण दिवाळीनंतर त्यांची दाढी रोजच्या रोज व्हायला लागली. फॉर्ममध्ये याला कुठं रकाना नव्हता. मी आपलं शेऱ्यात लिहिलं, ‘दाढी करतात.’ मॅडमनी त्यावर काही विचारलं नाही.

वर्ष भरलं. शेवटच्या भेटीत नियमाप्रमाणं तोच प्रश्न. आता मी तो चहात साखर किती विचारावी तसा विचारत होते. ते म्हणाले, मागच्या पंधरवड्यात एकदा आलं होतं मनात, पण कागद काढला आणि हाक मारली. माझा फोन तर वाजला नव्हता. म्हणलं, बघू तो कागद.

कागद नवा होता, त्यांनीच लिहून काढलेला. माझा नंबर चौथ्या जागी गेला होता. वर भाऊ होता, त्याच्या वर एक ड्रायव्हर, आणि एक नंबरला समोरची मावशी. जरा लागलंच मला, खोटं कशाला बोलू. आणि लगेच डोळेही भरून आले.

निघताना मावशीच्या अंगणात गेले. ती तूरच निवडत होती. वर्षभर जिच्यावर दात खाल्ले तिला म्हणलं, मावशी, तुम्हाला ठाऊक होतं का मी कशाला येते?

मावशीनं मान वर केली नाही. म्हणाली, त्या दिवशी दवाखान्यात नेताना जीपमधी त्याचं डोकं ह्याच मांडीवर व्हतं की. आणि स्वतःच्या मांडीवर हात मारला.

मला सगळं लख्ख दिसलं. बीपी म्हणून सांगणारी ही. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर ‘मजेत हाय’ म्हणून झाकून नेणारी ही. मी विचारलं, म्हणजे सोयरिकीचंही तुम्हीच?

“मंग काय सांगायचं व्हतं? ते म्हणलं की लोक वाट बदलतेत. लगीन म्हणलं की घरात येतेत.”

बॅगेत टॅब होता, त्यात वर्षाचे पंचवीस फॉर्म होते, ती बॅग मी खाली ठेवली. मी तिच्या शेजारी खाली बसले आणि सूप माझ्याकडं ओढलं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, काम झालं तरी येत जा बाई मधूनमधून, न्हाईतर लोक म्हणतील सोयरीक मोडली.

मी जाते. परवाही गेलते.