स्टुलावरची पात्रता फेरी

भारत फुटबॉलच्या पुढच्या फेरीत गेला नाही, याला आमच्या घरात एकच माणूस जबाबदार धरला जातो. तो माणूस संघात नव्हता. तो कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्याला ऑफसाइड कळत नाही. तो मी.

झालं असं, की आमच्या मुक्ताला गोव्याच्या फुटबॉल शिबिराला जायचं होतं. तीन आठवडे, तेही बारावीच्या वर्षात. फॉर्मवर माझी सही हवी होती आणि मी ती देत नव्हतो. रोज जेवताना तोच विषय. शेवटी एकदा पोळीचा तुकडा मोडता मोडता मी म्हणालो, "ती आशियाची पात्रता फेरी चालू आहे ना? भारत त्यातून पुढे गेला, तर सही करतो." (फुटबॉलमधलं मला एवढंच माहीत होतं, की आपण पुढे जात नाही.) मुक्तानं ते वाक्य तिथल्या तिथे कागदावर उतरवलं, माझ्या वडिलांची, म्हणजे नानांची, साक्षीदार म्हणून सही घेतली आणि कागद फ्रिजवर चिकटवला.

आणि भारत जिंकायला लागला! गटातला शेवटचा सामना उरला. जिंकलो तर पुढे, बरोबरी झाली तरी घरी.

त्या संध्याकाळी नाना आरामखुर्चीत, मुक्ता जमिनीवर, आणि माझी बायको रोहिणी सोफ्यावर मटार सोलत. मला मात्र बसवेना. पाणी पिऊन आलो, गॅलरीत जाऊन आलो, पुन्हा पाणी प्यायलो.

"अहो, एवढी वळवळ चाललीये तर त्या घड्याळात सेल तरी घाला," रोहिणी म्हणाली.

घड्याळ टीव्हीच्या वर, चार दिवस बंद. मी टीव्हीला खेटून स्टूल ठेवलं, चढलो, घड्याळ काढून हातात घेतलं, घरच्यांकडे तोंड केलं, आणि मुक्ता किंचाळली. भारताचा गोल.

मी उतरायला पाय उचलला.

"हलू नकोस," नाना म्हणाले.

चांगलं चाललेलं असताना जागा सोडायची नाही, हा आमच्याकडे क्रिकेटमधला जुना कायदा. एका सामन्यात नानांनी माझ्या आत्याला दीड तास दारात उभं केलं होतं, चपला हातात. पण हे फुटबॉल आहे, असं मी म्हणून पाहिलं.

"देश तोच आहे ना?" नाना म्हणाले.

मुक्ताकडे पाहिलं. ती नुसती म्हणाली, "बाबा, प्लीज." मी पाय परत ठेवला.

आता गंमत अशी, की टीव्ही माझ्या पायांशी आणि पडद्याचं तोंड घरच्यांकडे. म्हणजे मी सामना पाहिलाच नाही. मी तीन चेहरे पाहिले. नाना पुढे वाकले की चेंडू समोरच्या संघाकडे, रोहिणीचा मटार वाडग्याबाहेर पडला की आपल्यावर संकट.

"किती ओव्हर राहिल्या?" मी विचारलं. मुक्तानं कपाळावर हात मारला. मध्यंतरात तरी उतरू का, असंही विचारलं.

"मध्यंतरात नशीब चहाला जातं का?" इति नाना.

उत्तरार्धात माझी डावी पोटरी बधिर झाली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वास आला.

"आमटी लागतीये," रोहिणी म्हणाली, पण उठली नाही. (गोल झाला तेव्हा तीही बसलेलीच होती ना.) वास वाढला, धूर दिसायला लागला, आणि बेल वाजली. एकही जण हलला नाही.

"दार नुसतं लोटलंय, ढकला," मुक्ता ओरडली.

सोसायटीचे सेक्रेटरी गोखले आत आले. धुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी स्टुलावर, छातीशी घड्याळ धरून.

"सत्कार आहे का?" त्यांनी विचारलं.

"भाऊजी, तेवढा गॅस बंद करता का?" रोहिणी म्हणाली.

त्यांनी केला. पाच मिनिटं उरली होती. मुक्ता गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि तिचे ओठ नुसते हलत होते. या पोरीला मी कुठल्याही परीक्षेच्या निकालाला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. जाऊ दे हिला, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. देवा, जिंकव रे, मी पुटपुटलो.

गोखले स्वयंपाकघरातून बाहेर आले, माझा थरथरणारा पाय त्यांना दिसला, आणि शेजारधर्म जागा झाला. "उतरा हो, पडाल," म्हणत त्यांनी माझा दंड धरला.

"हात लावू नका!" नाना गरजले. दचकून मी पडलोच. घड्याळ गोखल्यांच्या अंगावर, मी वायरवर, टीव्ही काळा.

वायर लावून चित्र परत येईपर्यंत सहा-सात मिनिटं गेली. चित्र आलं तेव्हा सामना संपला होता, आकडे होते एक-एक, आणि आपले खेळाडू गवतावर बसले होते.

"मी फक्त वासाची तक्रार घेऊन आलो होतो," असं म्हणून गोखले निघून गेले.

मुक्ता रडली नाही. उठली आणि फ्रिजवरचा कागद काढायला लागली. ते मला बघवेना.

"थांब," नाना म्हणाले. "पोरगी शेवटपर्यंत जागेवर होती. जागा सोडली कोणी? दंड त्याला."

मी अपील केलं नाही. एका पायानं लंगडत पेन शोधलं आणि फॉर्मवर तीनही ठिकाणी सह्या केल्या, एक तर नको होती तिथेही. मुक्तानं गळ्यात पडून माझी दुखरी बरगडी आणखी दुखवली.

फॉर्ममध्ये एक रकाना रिकामा राहिला होता: पालकांचा खेळातील अनुभव. तो तिनं माझ्यासमोर बसून भरला. "एकच सामना. पंच्याऐंशीव्या मिनिटानंतर दमले. नव्वद मिनिटं टिकण्याची तयारी नाही."

वाचून मी पुन्हा खाली सही केली.