उधाणातली मोजणी

आमच्या शहराचा पुढच्या वीस वर्षांचा वाहतूक आराखडा नव्याने करायचा होता आणि नगरपरिषदेने त्यासाठी आमच्या कॉलेजातली काही मुलं मदतीला घेतली होती. मी शेवटच्या वर्षाला होते. माझं काम साधं होतं. बाहेरच्या लोकांनी केलेल्या मोजणीचे आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे आणि सांगतील तशा नकाशावर रेघा ओढायच्या. रेघ कुठून जाणार हे ठरवणारे वेगळे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्या एसीच्या खोलीत खुर्चीवर बसतानासुद्धा आपण कुणाची तरी जागा अडवतोय असं वाटायचं.

मसुदा हातात आला तेव्हा मला तो आवडला, हे खरं. सायकलींसाठी कडेला पट्टी होती, शाळेपुढे रुंद फूटपाथ होता, शनिवार-रविवारी मांडव्याच्या बंदरावरून येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांना गावाबाहेरून वाट होती. मग मी मंडईजवळचा मिनीडोरचा थांबा शोधायला लागले. मिनीडोर म्हणजे आमच्याकडची मोठी रिक्षा. एसटी नसेल तेव्हा आसपासची सगळी गावं तिच्यावरच चालतात. थांबा मंडईजवळ नव्हताच. तो बायपासला नेला होता आणि पुढे कारण लिहिलं होतं, 'वापर कमी'.

माझी आई रोज सकाळी त्याच थांब्यावर उतरते. मासळीची पाटी डोक्यावर घेतली की समोर मंडई. बायपासवरून तीच मंडई लांब पडते. गळकी पाटी घेऊन एवढं चालायचं, तर आईचे गुडघे आत्ताच कुरकुरतात. शिवाय पोचेपर्यंत सकाळचं गिऱ्हाईक निघून गेलेलं असणार. थांबा हलला तर आईचा धंदा बसणार, हे मला लगेच कळलं. कळत नव्हतं ते 'वापर कमी'. त्याच मिनीडोरात ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धी आत आणि अर्धी बाहेर बसून मी कॉलेजला आलेय.

म्हणून मोजणीची तारीख बघितली आणि मोबाईलवर तिथी काढली. अष्टमी होती. अष्टमीच्या सुमाराला समुद्राला भांग असतो. पाण्याला ओढ नसते, प्रवाहात रोवलेल्या डोलीच्या जाळ्यात काही शिरत नाही, होड्या किनाऱ्यालाच असतात. मग बायका कशाला शहरात येतील? पुनवेला, अमावस्येला उधाण आलं की त्याच रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते.

आराखडा करणाऱ्या इंजिनिअर मॅडम घाटावरच्या, बोलायला मोकळ्या, पण मी कोण त्यांना सांगणारी? शेवटी एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले.

"मॅडम, ती मोजणी भांगात झालीय."

"भांगात म्हणजे गं?"

मी सांगत गेले. मध्येच अडखळले, अष्टमीऐवजी एकादशी म्हणाले, परत सुधारलं. त्यांनी डबा बाजूला सरकवला.

"मग उधाणात परत मोजू. आणि हे मासळीपुरतंच आहे का? भातकापणीला, गणपतीत काय होतं?"

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी घाईने लिहून घेतलं.

घरी आईला सांगितलं की पुनवेला थांब्यावर माणसं मोजणार आहेत. एवढंच सांगितलं. बाकीचं आमच्या कोळीवाड्यातल्या बायकांनी आपल्या आपण ठरवलं.

पुनवेच्या सकाळी पहिली मिनीडोर आली आणि तिच्यातून काठापदराची लुगडी उतरायला लागली. केसांत गजरे. मागच्या आळीतली म्हातारी मावशी उतरली, जी लग्नाशिवाय वाड्याबाहेर पडत नाही.

"मावशी, तू कुठं चाललीस?"

"मोजून घ्यायला आलंय गो! आता परत जाईन न् दुसऱ्या गाडीनं येईन."

ड्रायव्हर म्हणाला, "लग्न कुणाचं हाय ते तरी सांगा. मी पन जेवूनच जातो."

मॅडम कोपऱ्यावर मोजणीचे कागद घेऊन उभ्या होत्या. ही भरती त्यांच्या लक्षात आली, तर खरी गर्दीही कुणी हिशेबात धरणार नव्हतं. मी आईला गाठलं.

"आई, असं केलंत तर खरं पण खोटं ठरेल."

"मग आधी सांगायचंस ना! आमाला वाटलं, जेवढी माणसं तेवढं बरं." आई चिडली. मग तिने पदर खोचला आणि मंडईत लावते तसा आवाज लावला. "पाटी न्हाय ती बाजूला व्हा! मावशी, तू पन."

"एवढा गजरा माळला तो बाजूला व्हायला व्हय?"

मी मॅडमकडे गेले आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या तोंडाला रुमाल लावून हसत राहिल्या.

"मग माणसं नकोत, आपण पाट्याच मोजू," त्या म्हणाल्या. "ओली पाटी कुणी हौसेने डोक्यावर घेत नाही."

आम्ही पाट्या मोजल्या. बोंबलाच्या, मांदेलीच्या, जवळ्याच्या. कागद भरले, मागच्या बाजूने लिहावं लागलं. मावशीने तोवर टपरीवर चहा घेतला आणि आम्ही चुकलो की लांबूनच ओरडून सांगितलं.

सुधारलेल्या मसुद्यात थांबा मंडईजवळच आहे. वर शेड आहे, शेजारी पाण्याचा नळ आहे आणि पाटी उतरवायला कमरेएवढा ओटा आहे. नगरपरिषदेच्या सभेची मंजुरी अजून व्हायची आहे. तिथे काय होईल ते मला सांगता येणार नाही. पण आता कारणाच्या रकान्यात पाट्यांचे आकडे आहेत, आणि ते खरे आहेत.

संध्याकाळी मोबाईलवर आईला नकाशा दाखवला. तिने तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"शेड ह्या अंगाला का? ऊन तर सकाळी मंडईच्या बाजूनं येतं."

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारून मी शेडची रेघ पुसली आणि मंडईच्या बाजूला जरा पुढे ओढली.