गोलकीपरच्या मागे ओतलेलं पाणी

ईडन प्रेरीतला आमचा पहिला हिवाळा मला अजूनही झोपेत पाहिल्यासारखा आठवतो. दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. सगळं पांढरं, ना आवाज ना माणूस. नवरा सकाळी ऑफिसला जायचा आणि मी, डिपेन्डंट व्हिसावरची इंजिनियर, खिडकीत बसून बर्फावर चिडायचे. आमचं घर वरच्या मजल्यावर, जिना बाहेरून उघडा आणि समोरच्याच घरात एक सर्बियन जोडपं राहायचं. तो इतका उंच की दारातून वाकूनच बाहेर यायचा.

"अगं, तो प्रो गोलकीपर आहे यार, खरा प्रो!" नवऱ्याने एकदा शोध लावला. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण खालच्या लाँड्री रूममध्ये कपडे फिरत असताना तो तुटक्या इंग्रजीत आपली कहाणी सांगायचा आणि मी ऐकत बसायचे. नदीकाठचं गाव. बापाने दोन झाडांमध्ये दोरी बांधली, ती त्याची पहिली गोलपोस्ट. मग बेलग्रेड, ग्रीस, सायप्रस आणि शेवटी इथे, छपराखालच्या लहानशा मैदानात खेळणारी एक लहानशी टीम. ड्रायरच्या घरघरीत त्याचा आवाज मऊ व्हायचा. सांगता सांगता तो हवेतच एखादा बॉल अडवायचा आणि छातीशी धरून क्षणभर तसाच उभा राहायचा. मलाही तो बॉल दिसायचा, शपथ!

त्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या एका क्लबने त्याला ट्रायलला बोलावलं. खऱ्या गवताचं मोठं मैदान, जमलं तर नवं कॉन्ट्रॅक्ट. वय पस्तिशीकडे झुकलेलं. ही शेवटची संधी, असं तो स्वतःच म्हणाला. त्याच्या बायकोला ऊन हवं होतं. मला मात्र त्यांनी जाऊच नये असं वाटत होतं, कारण दिवसा माझ्याशी बोलणारं दुसरं होतं कोण? तरी तो निघायच्या सकाळी मी वाटीत दहीसाखर घेऊन दारात हजर. त्याने तळहातावरचं दही चाटलं आणि लहान मुलासारखा हसला. तो जिना उतरला, तशी बायकोने त्याच्यामागे पायऱ्यांवर पेलाभर पाणी ओतलं. त्यांच्याकडे तशी रीत. पाण्यासारखं काम सरळ वाहत जावं म्हणून. मला ते फार आवडलं. एवढ्या थंडीत ते पाणी वाहणार कुठे, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून झाल्यावर त्याला आठवलं, बॉल अडवायचे ग्लव्हज घरातच राहिले. तो जिन्याखाली येऊन थांबला, पण वर येईना. एकदा निघाल्यावर मागे फिरायचं नाही, असं त्यांच्यातही मानतात. मला तर तो एकदम आपल्या घरातलाच वाटला. ग्लव्हज वरून फेकता आले असते, पण बायकोला ते त्याच्या हातात द्यायचे होते. ती धावतच निघाली.

वरच्याच पायरीवर तिचा पाय सटकला, ती खाली कोसळत आली आणि तो खालून झेपावला. एवढ्या कहाण्या ऐकल्या, पण त्याला खरंखुरं झेपावताना मी तेव्हाच पाहिलं. ते इतकं संथ, इतकं सुंदर वाटलं की मी ओरडायचंही विसरले. त्याने तिला अलगद छातीशी धरलं. खाली त्याचं मनगट, त्यावर दोघांचं वजन आणि पायरीची कड. हाड मोडल्याचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला.

मी खाली पोचले तेव्हा ती त्याचा हात मांडीवर घेऊन रडत होती. ट्रायल संपली, हे तिघांनाही कळलं होतं. तो मात्र पांढऱ्याफटक चेहऱ्याने, हसत हसत, त्यांच्या भाषेत तिला काहीतरी सांगत होता, आणि ती आणखीच हमसून रडायला लागली. माझं डोकंच फिरलं. हसायची ही वेळ होती का!

"काय म्हणालास तिला?" मी रागानेच विचारलं.

"म्हटलं, आयुष्यभर बॉल धरले," तो म्हणाला. "एकही बॉल माझ्यासाठी रडला नाही."